खाऱ्या वाऱ्यातली वीज

आषाढातली एखादी ओली सकाळ डोळ्यांपुढे आणा. पेणच्या खाडीकाठचे गाव आहे. रात्रभर झोडपून पाऊस आत्ताच कुठे उघडला आहे. घरधनीण अंगणातून ओल्या पायांनी आत येते, पायरी चढताना भिंतीला हात लावते आणि "आई गं!" करून हात झटकते. भिंतीला झिणझिण्या आहेत. ओटीवर बसलेले आजोबा सहज म्हणतात, "अगं, पावसाळ्यात असं व्हायचंच. भिंत ओली आहे ना!"

कोकणपट्टीत हे वाक्य कितीतरी घरांत बोलले गेले आहे, आणि ते जितक्या सहजपणे बोलले जाते तितकेच ते घातक आहे. भिंत ओली असते म्हणून झटका जाणवतो, हे खरे. पण मुळात वीज तारेतून सुटून भिंतीत आली कशी? या प्रश्नाचे उत्तर पाहिजे असेल तर तारेच्या अंगावरच्या पांघरुणाचा इतिहास पाहावा लागतो. लाकडी पट्टी, लोखंडी पाइप आणि आज घरोघर दिसणारा पीव्हीसीचा पाइप, अशी ही तीन पांघरुणे एकामागून एक आली. हा इतिहास वाचताना दोन प्रश्न मनाशी धरून ठेवा. पहिला प्रश्न, आत शिरलेले पाणी जाईल कुठे? आणि दुसरा, वाट चुकलेली वीज जाईल कुठे? ज्या काळी माणसे हे दोन प्रश्न विसरली, त्या त्या काळी पांघरूण नवे असूनही घर उघडेच राहिले.

प्रथम वीज या मुलखात आली कशी ते पाहू. तसे पाहिले तर ती आली नाही, ती इथेच जन्मली. जमशेटजी टाटांनी सह्याद्रीच्या पावसापासून वीज काढण्याचे स्वप्न पाहिले होते. ते १९०४ साली निवर्तले. पुढे १९१० साली टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली, लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधली गेली, आणि घाटमाथ्यावरचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात आणून १९१५ साली वीज सुरू झाली. १ लाख व्होल्टच्या दाबाने ती मुंबईला पोहोचवली गेली आणि तिकडच्या गिरण्या फिरू लागल्या. त्यानंतर मुळशीचे धरण झाले. शेती बुडणाऱ्या मावळकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली सत्याग्रह केला, तो इतिहास आपल्या शिक्षकमंडळींना ठाऊकच आहे. त्या धरणाच्या पाण्यावर १९२७ साली भिऱ्याचे वीजघर चालू झाले. वीजघरातून सुटलेले ते पाणी कुंडलिकेत येते आणि रोह्याच्या अंगाने वाहत खाडीला मिळते. त्याच १९२७ साली, २३ जुलैला, मुंबईचे नभोवाणी केंद्रही सुरू झाले. म्हणजे आमचा आवाज आणि भिऱ्याची वीज तशी एका वयाची.

गंमत अशी, की डोक्यावरून विजेच्या तारा जात होत्या आणि तारांखालच्या बहुतेक गावांत कंदील पुसले जात होते. महाराष्ट्र राज्य झाले, २० जून १९६० रोजी राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतरच्या दोनतीन दशकांत वीज गावोगाव पोहोचली. त्या वेळी आपला जिल्हा कुलाबा होता. १ जानेवारी १९८१ पासून तो रायगड झाला. गावात दिवा लागला त्या दिवसाची आठवण सांगणारी माणसे अजून आहेत. पण दिव्यापर्यंत जाणाऱ्या तारेची आठवण कोणी सांगत नाही. आपल्याला तीच पाहायची आहे.

त्या आधीच्या काळी घरातली तार म्हणजे तांब्याची तार, तिच्यावर रबराचे वेष्टन आणि वर सुताची विणलेली टोपडी. ही तार सागवानी पट्टीच्या खोबणीत बसवीत आणि वरून लाकडाची झाकणपट्टी ठोकीत. यालाच वायरमन लोक केसिंग-कॅपिंग म्हणत. पुढे साधी सागवानी बॅटनपट्टी आली. तिच्यावर रबरी कवचाची तार पत्र्याच्या क्लिपांनी धरून ठेवीत. जुन्या शाळांच्या आणि चावड्यांच्या भिंतींवर या पट्ट्या आजही दिसतात. कोरड्या मुलखात त्यांनी पन्नास पन्नास वर्षे काढली.

पण आपला मुलूख कोरडा नव्हे! इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, पुन्हा फुगते. पट्टी वाकते, खिळे ढिले होतात, वाळवी लागते, उंदरांना खोबण सापडते. उष्णतेने आणि वयाने रबर कडक होऊन तडकते. तडकलेल्या रबरातून ओलाव्याला वाट मिळते आणि ओल्या लाकडातून वीज हळूहळू झिरपते. आपला पहिला प्रश्न आठवा. लाकडी पट्टीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. लाकूड ते पिऊन बसत असे. आणि झिरपलेल्या विजेलाही ठरलेली वाट नव्हती. ती वाट जो कोणी हात लावील त्याच्या अंगातून जाई.

यावर उपाय म्हणून दुसरे पांघरूण आले, लोखंडी पाइपाचे. काळ्या रोगणाचा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, त्याला आटे पाडलेले, जोडाला सॉकेट आणि वळणाला बेंड. कारखाने, गोदामे, सरकारी इमारती यांत हेच काम होई, आणि ते दिसायलाही भरभक्कम असे. उंदीर दात लावू शकत नसे. भिंतीत खिळा ठोकताना तारेला इजा होत नसे. शिवाय या पाइपात एक मोठा गुण होता, त्याकडे लक्ष द्या. पाइप धातूचा असल्यामुळे तो सबंध घरभर सलग जमिनीशी जोडता येई. आत एखादी तार सोलून पाइपाला टेकली, तर ती वीज पाइपातून सरळ जमिनीत जाई, फ्यूज उडे आणि घर अंधारात का होईना, पण वाचे. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लोखंडी पाइपाने आपल्या अंगातच आणले होते.

हे उत्तर कोकणात फसले, ते मिठामुळे.

पेणच्या खाडीकाठी मिठागरांची परंपरा जुनी आहे. धरमतरच्या खाडीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, ऊन-वारा पाणी पिऊन टाकतो आणि मीठ मागे राहते. तेच काम इथला वारा रात्रंदिवस आपल्या घरांवर करीत असतो. खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार वाऱ्यावर येतात, लोखंडावर बसतात, पाणी सुकते आणि मीठ राहते. मिठाचा स्वभाव ओल ओढून घेण्याचा. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत काय होते ते घरातल्या बायकांना सांगायला नको. त्या ओलीत लोखंड गंजते, आणि मिठातला क्लोराइडचा अंश गंजाला जोर आणतो. जस्ताचा मुलामाही अशा हवेत लवकर झिजतो. त्यात पुष्कळ बांधकामांत खाडीची न धुतलेली वाळू वापरली गेली. मग तर मीठ गिलाव्यातच येऊन बसले, आणि भिंतीत पुरलेल्या पाइपाला ते बाहेरून खाऊ लागले.

आतूनही त्याची सुटका नव्हती. दिवसा पाइपातली हवा तापून बाहेर पडते, रात्री थंड होऊन दमट हवा आत ओढली जाते आणि तिचे दव आतल्या अंगाला धरते. ते थेंब ओघळून सखल वळणात साचतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून गिलावा फुगून निघतो. गंजाची धार तारेचे वेष्टन कापते. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे जोडाच्या आट्यांत गंज भरला की पाइपाची धातूची साखळी तुटते. मग तुटक्या साखळीच्या अलीकडचा पाइप जमिनीशी जोडलेला राहत नाही. तार त्याला टेकली तर फ्यूज उडत नाही. तो पाइपच वीजभारित होऊन भिंतीत गुपचूप बसून राहतो. वरून पाऊस आला, भिंत भिजली, आणि घरधनिणीने हात लावला. आजोबांच्या ओट्यावरच्या त्या वाक्याचे खरे उत्तर, मंडळी, हे आहे.

आता तिसऱ्या पांघरुणाकडे वळू. पीव्हीसी हे नाव लहान, पण त्याचा प्रवास लांबचा आहे. फ्रान्समधल्या रेनो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८३५ साली व्हिनाइल क्लोराइड हा वायू तयार केला. १८७२ साली जर्मनीत बाउमान यांना त्यापासून एक पांढरी, न विरघळणारी पूड मिळाली. हीच पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी. पण ती कडक, ठिसूळ आणि कामाला अवघड. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सीमन यांनी ती मऊ करण्याची युक्ती शोधली, आणि १९३० नंतरच्या वर्षांत जर्मनीत तिच्या कडक पाइपांचा उपयोग सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली मलाया जपानच्या हाती गेला, दोस्तांचे रबर तुटले आणि तारांवर रबराऐवजी पीव्हीसीचे वेष्टन झपाट्याने येऊ लागले. आपल्याकडे १९६१ साली मुंबईत कॅलिकोच्या कारखान्यात पीव्हीसी तयार होऊ लागले. पुढे १९९० च्या दशकात आपल्या कोकणातच, रत्नागिरीजवळ, त्याचा मोठा कारखाना उभा राहिला. विजेच्या कामासाठी अशा कडक पाइपांचे भारतीय मानक, आयएस ९५३७ भाग ३, १९८३ साली प्रसिद्ध झाले.

पण खरी मौज पुढेच आहे. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते, आणि क्लोरीन मिळते कशापासून? मिठापासून! मिठाच्या पाण्यातून वीज सोडली म्हणजे क्लोरीन वेगळा होतो, आणि त्याबरोबर कॉस्टिक सोडा व हायड्रोजन मिळतो. पाहा बरे, ज्या मिठाने लोखंडी पाइप खाल्ला, त्याच मिठाच्या पोटातून, आणि तेही विजेच्याच हाताने, विजेला सांभाळणारा नवा पाइप निघाला. क्लोरीन या पदार्थात आधीच घट्ट बांधलेला असल्यामुळे खारा वारा त्याला काही करू शकत नाही. तो गंजत नाही, कुजत नाही, वाळवीच्या उपयोगाचा नाही, आणि ठिणगी लागली तरी ज्योत दूर होताच आपण होऊन विझतो.

म्हणून पेणच्या खारपट्टीत, मत्स्यतळ्यांच्या पंपांवर, जोहे-हमरापूरच्या गणपती कारखान्यांत हा पाइप आला तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. गणपतीचे काम ऐन पावसाळ्यात भराला येते. सगळीकडे ओली माती, ओले प्लास्टर, मूर्ती वाळवायला लावलेले दिवे आणि पंखे, रंगाच्या फवाऱ्याचे कॉम्प्रेसर. अशा ठिकाणी लोखंडी पाइपापेक्षा हा बरा, यात शंका नाही. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. आम्लाच्या वाफा जस्ताला आणि लोखंडाला खातात, पण पीव्हीसीला बहुतेक आम्ले आणि अल्कली बाधत नाहीत. तिथेही त्याचा उपयोग आहे.

मात्र इथेच आपण दुसरा प्रश्न विसरलो. लोखंडी पाइप वीज जमिनीत नेत होता. पीव्हीसी वीज वाहूनच नेत नाही. पाइप बदलताना जुन्या पाइपाबरोबर जमिनीची वाटही काढून टाकली गेली, आणि पुष्कळ घरांत तिच्या जागी काहीच आले नाही. दोन तारा आत गेल्या, एक फेज आणि एक न्यूट्रल, तिसरी हिरवी तार "कशाला उगाच खर्च?" म्हणून राहिली. भिंतीच्या झिणझिण्या थांबल्या खऱ्या, पण त्या आता पाण्याच्या मोटारीच्या अंगात, फ्रिजच्या दारात आणि ओल्या कॉम्प्रेसरच्या टाकीत जाऊन बसल्या. धोका नाहीसा झाला नव्हता, त्याने फक्त घर बदलले होते.

म्हणून पीव्हीसीच्या प्रत्येक पाइपात हिरवी अर्थिंगची तार स्वतंत्र हवी, आणि ती जमिनीतल्या चांगल्या अर्थिंगला जाऊन मिळायला हवी. गावाकडे अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालण्याची रीत आहे. तिथे मीठ कामाचे, कारण त्याने माती वीज चांगली वाहते. पण तेच मीठ खड्ड्यातली धातूची पट्टी हळूहळू खाते. तेव्हा खड्डा एकदा भरला म्हणजे जन्माची निश्चिंती झाली असे समजू नका. दर वर्षी पावसाळ्याआधी वायरमनकडून तो तपासून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घाला. याच्या जोडीला बोर्डावर गळती ओळखणारा स्विच हवा, ज्याला आरसीसीबी म्हणतात. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. जितकी वीज चुकीच्या वाटेने गेली की माणूस दगावू शकतो, त्या सुमारासच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्याच्यावर तपासणीचे एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे.

आता पहिला प्रश्न. पाणी जाईल कुठे? आपल्या जिल्ह्याने याचे धडे पुन्हा पुन्हा गिरवले आहेत. १९८९ च्या जुलैत अंबा नदीला महापूर आला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, हजारो विजेचे खांब पडले, घरांची छपरे उडाली आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. छप्पर उडालेल्या घरात पाऊस वरून थेट पाइपात शिरतो. पीव्हीसी गंजत नाही, पण त्याच्यात पाणी मात्र लोखंडी पाइपाइतकेच साचते. वरून पाहता पाइप नव्यासारखा दिसतो आणि आत तारांचा जोड पाण्यात बुडालेला असतो. पूर किंवा वादळ ओसरल्यावर मुख्य स्विच चालू करण्याआधी बॉक्स उघडून पाहणे आणि वायरमनला दाखवणे, हा नियम घराघरांत पाळला गेला पाहिजे.

पाइप बसवतानाच पाण्याची वाट काढता येते. आडवा पाइप अगदी पातळीत न ठेवता किंचित उतार देऊन बसवावा. उताराच्या शेवटी, सगळ्यांत सखल ठिकाणी, तळाला बारीक भोक असलेला बॉक्स ठेवावा, म्हणजे साचलेला थेंब निघून जातो. बाहेरून घरात येणाऱ्या पाइपाचे तोंड काठीच्या मुठीसारखे खाली वळवावे, आणि तार आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा; म्हणजे तारेवरून आलेले पाणी झोळावरून गळून पडते. ज्या घरात पुराचे पाणी आले आहे, तिथे जुन्या खुणेच्या वरच बोर्ड आणि प्लग घ्यावेत, आणि पाइप खालून वर न आणता छताकडून खाली आणावा. तारेचा जोड पाइपाच्या पोटात कधीच करू नये, तो बॉक्समध्येच असावा.

आता थोडे पाइपाच्या निवडीबद्दल. दुकानात सगळे पाइप सारखेच दिसतात, पण सारखे नसतात. त्यांचे हलका, मध्यम आणि जड असे तीन वर्ग आहेत. मानकाप्रमाणे हलक्या वर्गाने ३२० न्यूटन, मध्यमाने ७५० आणि जडाने १२५० न्यूटन इतका दाब सोसायला हवा, म्हणजे ढोबळ मानाने ३२, ७५ आणि १२५ किलोचे वजन. भिंतीवरून, हाताच्या वर, आडोशाला जाणाऱ्या पाइपाला हलका वर्ग चालेल. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये मजुरांचे पाय पडतात, तिथे मध्यम किंवा जडच हवा. गोठ्यात, कारखान्यात, बैलगाडी किंवा ट्रॉली घासून जाईल अशा कोपऱ्यावर जड घ्यावा. पाइपावर आयएसआयची खूण आणि आयएस ९५३७ हा आकडा छापलेला आहे का, ते वाचून पाहा. १६, २०, २५, ३२ मिलिमीटर अशी त्यांची मापे असतात. तारा कोंबून भरू नयेत. पाइपाची निम्म्याहून अधिक पोकळी मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर तारा तापतात आणि पुढे एखादी बदलायची म्हटली तर ओढून निघत नाहीत.

पाण्याचा काळा पाइप विजेला वापरण्याची खोड आपल्याकडे पुष्कळांना आहे. रोहे तालुक्यातल्या नागोठण्याला प्लास्टिकचा मोठा कारखाना आहे, म्हणून कोणाला वाटेल की प्लास्टिक ते सगळे एकच. पण नागोठण्याला होते ते पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन, आणि पाण्याचा तो काळा पाइप पॉलिएथिलीनचाच असतो. पाण्यासाठी तो उत्तम. पण त्याला आग लागली तर तो मेणबत्तीसारखा जळत राहतो आणि पेटते थेंब खाली गाळतो. विजेच्या तारेवर तो घालणे म्हणजे घरात वात घालून ठेवणेच होय.

पीव्हीसीचीही मर्यादा आहे, ती सांगितली नाही तर हे भाषण जाहिरात होईल. एक, ६० अंशांपलीकडची उष्णता त्याला सोसत नाही. चुलीच्या धुराड्याशेजारी, भट्टीजवळ किंवा वैशाखात तापलेल्या पत्र्याला चिकटवून तो नेऊ नये. दोन, उन्हात वर्षानुवर्षे राहिला तर तो ठिसूळ होतो. उघड्यावर उन्हाला टिकणारा म्हणून बनवलेलाच पाइप घ्यावा, किंवा त्याला आडोसा द्यावा. तीन, थिनर, ॲसिटोन यांसारखी द्रावणे त्याला मऊ करतात. गणपतीच्या कारखान्यात रंगाच्या डब्यांच्या मांडणीमागून पाइप नेऊ नये. धाटावसारख्या ठिकाणी जिथे ज्वालाग्राही वाफ असते, तिथे तर साधा पीव्हीसीचा पाइप नकोच. तिथले काम ज्वालारोधक सामानानेच आणि परवानाधारकाकडूनच व्हायला हवे. चार, तो आपण होऊन विझत असला तरी मोठ्या आगीत सापडला म्हणजे त्याच्यातला क्लोरीन आम्लाच्या झोंबऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतो. शाळेच्या, दवाखान्याच्या आणि सभागृहाच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर हे ध्यानात ठेवावे. अशा जागांसाठी क्लोरीन नसलेले पाइपही आता मिळतात.

आणि पाचवी गोष्ट, पीव्हीसी उन्हाने लांबते. दर मीटरला, दर अंशाला सुमारे ०.०७ मिलिमीटर. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. पण १० मीटरचा पाइप पहाटे २० अंशांवर असेल आणि दुपारी भिंतीवर ५० अंशांपर्यंत तापला, तर तो २१ मिलिमीटर लांबेल. त्याला दोन्ही टोकांनी करकचून आवळले, तर तो सापासारखा वाकेल किंवा जोडातून सुटेल, आणि सुटलेल्या जोडातून पुन्हा पाणी शिरेल. म्हणून लांब पाइपात मधे मधे सरकता जोड ठेवावा, आणि सॅडल असे बसवावेत की पाइप त्यांतून हलू शकेल. बाकीचे जोड मात्र पुसून, कोरडे करून, सोल्यूशन लावून पक्के करावेत. नुसता पाइपात पाइप खुपसून ठेवला तर पावसाळ्यात त्याचे काय होईल ते सांगायला नको.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ही शेवटची गोष्ट वर्गाला दाखवण्यासारखी आहे, आणि त्यात विजेचा संबंध नसल्यामुळे भीतीही नाही. तीन मीटरचा रिकामा पाइप उन्हाच्या भिंतीलगत ठेवा, एक टोक विटेला टेकवा आणि सकाळी दुसऱ्या टोकाशी पेन्सिलीची रेघ मारा. दुपारी दोन वाजता मुलांना ती रेघ दाखवा. दुसरा प्रयोग त्याहून सोपा. दोन पेल्यांत पाणी घ्या, एकात चमचाभर मीठ घाला, दोन्हींत एकेक लोखंडी खिळा आणि पाइपाचा एकेक तुकडा टाका. पंधरा दिवसांनी मुलांनाच विचारा, कोणाला काय झाले आणि का झाले. खोपोलीपासून रत्नागिरीपर्यंतचा हा सगळा इतिहास त्या दोन पेल्यांत मुलांच्या डोळ्यांपुढे उभा राहील.

मंडळी, लाकडाने पाणी धरून ठेवले, लोखंडाने मिठापुढे हात टेकले, आणि पीव्हीसीने मिठाला जिंकले पण जमिनीची वाट सोडली. निर्दोष पांघरूण अजून निघालेले नाही. पण प्रत्येक वेळी कमी पडले ते आपले विचारणे. तेव्हा पुढच्या वेळी वायरमन दारात आला की पाइपाची किंमत जरूर विचारा, पण त्याआधी दोन प्रश्न विचारा. "दादा, या पाइपात पाणी शिरलं तर ते कुठून निघेल? आणि वीज सुटली तर ती कुठे जाईल?" त्याने दोन्ही वाटा बोटाने दाखवल्या, तरच काम सुरू करू द्या. आणि ओटीवरचे आजोबा पुन्हा "पावसाळ्यात असं व्हायचंच" म्हणाले, तर त्यांना हात जोडून सांगा, "नाही आजोबा, असं व्हायला नको. मेन स्विच बंद करतो आणि वायरमनला बोलावतो."